उकडीच्या वाटेने आलेला पाव

यंदाच्या अंकाचे सूत्र ‘परक्याचे आपले झालेले’ असे ठरले असून आपण कोकणच्या खाण्यापिण्यातून त्याचा एखादा दाखला शोधावा, असे संपादकांचे पत्र आषाढाच्या अखेरीस हाती पडले. तेव्हा मिरची, काजू, अननस, पपई असे जे जिन्नस पोर्तुगिजांच्या जहाजांतून या किनाऱ्यावर उतरले आणि इथलेच होऊन गेले, त्यांची यादी सवयीने माझ्या मनात उभी राहिली. परंतु ही यादी यापूर्वी इतक्या लेखकांनी इतक्या वेळा छापून काढली आहे की, तिच्यात आपल्या शाईची भर घालण्यात काही पुरुषार्थ नाही, हेही तेवढ्याच लवकर ध्यानात आले. पत्र टेबलावर तसेच पडून राहिले. मग एका रविवारी मालवणहून मामेभावाचा फोन आला आणि पाऊस, भातलावणी, शेजाऱ्याशी बांधावरून चाललेला कज्जा अशी सारी वळणे घेऊन झाल्यावर तो सहज म्हणाला, “तुझी वहिनी हल्ली घरात जपानी पाव भाजते. दुधाचा. आई म्हणते, त्यात जपानी काय आसा तां माका कोणी दाखवा.”

मामीचे वय ऐंशीच्या पुढे असून तिने उपस्थित केलेल्या प्रश्नांपैकी फारच थोडे निरर्थक ठरल्याचे मला स्मरते. मी संपादकांना होकार कळवला आणि नारळी पौर्णिमा होऊन आठवडा लोटल्यावर कुडाळला उतरून, धामापूर, चौके करीत, एस. टी.च्या गळक्या खिडकीशी बसून मालवण गाठले.

मामांचे घर मेढ्यात. मागच्या पडवीतून, पाऊस उघडलेला असला तर, किल्ल्याचा तट दिसतो. घराच्या दोन खोल्या आता पर्यटकांसाठी राखलेल्या असून वहिनींच्या पावाचा उगमही तेथेच आहे. पुण्या-मुंबईची मंडळी पहिल्या दिवशी घावणे आणि आंबोळ्या मोठ्या कौतुकाने खातात. दुसऱ्या दिवशी त्यांची मुले ब्रेड मागू लागतात. वहिनी मूळच्या कोल्हापूरच्या. गव्हाच्या मुलखातून भाताच्या मुलखात आलेल्या या सुनेने बाजारातून पुडी आणण्याऐवजी घरीच पाव करून पाहण्याचे मनावर घेतले, आणि आंतरजालावर ज्या मऊ, पांढऱ्या, रेशमाच्या लडीसारख्या सुटत जाणाऱ्या जपानी पावाची चित्रे त्यांना दिसली, त्याच्याच मागे लागल्या. पहिले चार पाव, त्यांच्याच शब्दांत, “दाराला टेकण म्हणून लावायच्या लायकीचे” झाले.

पहाटेची भट्टी

घरच्या पावाकडे वळण्यापूर्वी बाजारचा पाव पाहून यावा म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे मी गावातील एका जुन्या बेकरीच्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. विटांच्या कमानीची, आत लाकडे जाळून तापवलेली आणि मग राख बाजूला सारून साफ केलेली ती भट्टी, तिच्या तोंडाशी उघड्या अंगाने उभा असलेला कारागीर, लांब दांड्याच्या लाकडी फळीने आत सरकणारे पत्रे आणि दहा-बारा मिनिटांनी बाहेर येणारी, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून फुगलेल्या पावांची तांबूस लादी, हे दृश्य ज्याने एकदा पाहिले त्याला सकाळच्या उसळ-पावाची चव पुढे निराळीच लागते. लादीतील पाव एकमेकांना का चिकटलेले असतात, याचा विचार आपण करीत नाही. गोळे जवळजवळ मांडले म्हणजे त्यांना बाजूला पसरायला वाव राहत नाही. ते वरच्या दिशेने वाढतात, त्यांच्या बाजूंना कवच धरत नाही, आणि पाव सोडवला की आतला मऊ गर दोऱ्यादोऱ्यांनी उघडा पडतो. जपानी पावाची जी ओढून दाखवण्याची नजाकत आज जगभर मिरवली जाते, तिची अर्धी किल्ली मालवणच्या या लादीतच आहे.

उरलेली अर्धी मात्र तेथे नाही. बाजारच्या पावात मैदा, पाणी, मीठ, यीस्ट आणि चिमूटभर साखर, यापलीकडे फारसे काही नसते. तो सकाळी व्हावा, दुपारपर्यंत संपावा आणि संध्याकाळी त्याचे टोस्ट व्हावेत, अशीच त्याची आयुर्मर्यादा ठरलेली. दुधाचा पाव कधी केला होता का, असे मी मालकांना विचारले. पत्र्यावरचा मैदा हाताने निपटीत ते म्हणाले, “दूध घातलं तर पाव कोणाक परवडतलो?” या एका वाक्यात पावाचे अर्थशास्त्र संपूर्ण येते. येथील समुद्र मासे देतो, माड नारळ देतो. दूध मात्र बहुतांशी घाट उतरून येते.

एक शब्द, दोन किनारे

आपला ‘पाव’ आणि जपान्यांचा ‘पान’ ही एकाच घरातील भावंडे आहेत. दोघांचा बाप पोर्तुगीज ‘पांव’, म्हणजे भाकर. १५१० साली गोवे घेतल्यानंतर पोर्तुगिजांनी गव्हाची भाकर येथे रुजवली. १५४३ मध्ये त्यांचे व्यापारी जपानच्या तानेगाशिमा बेटावर जाऊन पोहोचले, आणि बंदुकीबरोबर हा शब्दही तेथे उतरला. ज्या संत झेवियरचे शव आज जुन्या गोव्यात आहे, तो १५४२ मध्ये गोव्यास आला आणि १५४९ मध्ये गोव्याहूनच निघून जपानच्या कागोशिमा बंदरात उतरला. त्याच्या शिदोरीत काय होते ते इतिहास सांगत नाही, पण दोन्ही किनाऱ्यांवर प्रभुभोजनाची भाकर गव्हाचीच लागत होती आणि दोन्ही किनाऱ्यांवरची प्रजा भात खाणारी होती.

पुढे या दोन भावंडांचे दैव निराळे झाले. जपानने १६३९ मध्ये पोर्तुगिजांना हद्दपार केले आणि पाव तेथे जवळजवळ विस्मृतीत गेला. आपल्याकडे तो गेला नाही, पण बाटला. पाव विहिरीत टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा वसईपासून गोव्यापर्यंत सांगितल्या जातात, आणि त्यांत खरे किती व भयाने रचलेले किती हा वाद बाजूस ठेवला, तरी पाव ही वस्तू धर्माच्या सीमेवर पहाऱ्याला उभी होती यात संशय नाही. म्हणूनच १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आदी मंडळींनी जी गुप्त परमहंस सभा स्थापन केली, तिच्यात प्रवेश करणाऱ्याने जातिभेद सोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा असा दंडक होता. त्यानंतर चार दशकांनी, १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली म्हणून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य उभे राहिले. ज्या वस्तूला हात लावण्यासाठी आपल्या पणजोबांना प्रायश्चित्ताची तजवीज करावी लागली, तीच आज पणतवंडांच्या डब्यात जाम लावून जाते. आम्हां मराठी लोकांचा धर्म पावापेक्षा चिवट निघाला, की पाव धर्मापेक्षा, हे सांगणे कठीण आहे.

बांद्यापलीकडे पत्रादेवीचा नाका ओलांडला की हा इतिहास अजून सायकलवरून फिरताना दिसतो. गोव्याचा पदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवीत येतो आणि त्याच्या टोपलीत उंडो, कात्रो, कोंड्याची पोई, कडक काकण असे पावांचे सगळे गोत असते. मालवणात एवढे वैविध्य नाही. तरी भोंगा तोच.

आंबवण आणि अबकारी

गव्हाचे पीठ आले, भट्टी आली, पण पीठ फुगवणारे आंबवण कोठून आणायचे? गोव्यातील पदेरांनी उत्तर माडाच्या शेंड्यावर शोधले. माडाच्या पोईला चीर देऊन जो गोड रस गळतो, त्याच्यावर हवेतील आणि मडक्यातील यीस्ट काही तासांत तुटून पडते. या माडीने, म्हणजेच गोव्यात ज्याला सूर म्हणतात तिने, पाव फुगू लागले, आणि ख्रिस्ती घरांतील सान्नेही. मालवण मुलखात माडी काढण्याचा व्यवसाय परंपरेने भंडारी समाजाचा. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला, तेव्हा माडावरील कराचे ओझे या समाजाला असह्य झाले. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने माडीला परवाना-पासाच्या दप्तरात कायमचे बसवले. पाव फुगवण्यासाठी शेरभर माडी मागायला आज कोणी गेलाच, तर त्याच्या हेतूविषयी शंका येणे स्वाभाविक आहे. बेकऱ्यांनी केव्हाच कारखान्यातील यीस्ट पत्करले. ते रोज एकाच चालीने काम करते आणि त्याला अबकारी पोलीस लागत नाही.

आता जपानकडे पाहा. मेजी राजवट सुरू झाल्यावर १८६९ मध्ये किमुरा यासुबेई नावाच्या, सामुराई कुळातील एका गृहस्थाने टोकियोत बेकरी घातली. पाश्चात्य पद्धतीचे आंबवण त्याला साधेना आणि गिऱ्हाइकाला त्याचा वास रुचेना. तेव्हा त्याने भातावर कोजी नावाची बुरशी वाढवून जे साके मद्य करतात, त्याचेच आंबवण पिठात घातले, आत गोड चवळीसारख्या लाल कडधान्याचे पुरण भरले, आणि १८७४ मध्ये ‘आनपान’ सिद्ध केला. पुढच्याच वर्षी, ४ एप्रिल १८७५ रोजी, मिठात मुरवलेले चेरीचे फूल मध्यभागी दाबून तो सम्राटापुढे ठेवण्यात आला आणि पावाला राजमान्यता मिळाली. पुरण भरलेला पाव! सम्राटाच्या जागी कोणी पेशवा असता, तर त्याने यावर तूप मागितले असते.

एकीकडे माडी, दुसरीकडे भाताचे मद्य. परक्या भाकरीला प्राण देणारे आंबवण मात्र दोन्ही मुलखांनी आपापल्या मद्याच्या मडक्यातून काढून दिले.

उकड

जपानी ज्याला ‘शोकुपान’ म्हणतात, तो साच्यातला चौकोनी पाव. शब्दाचा अर्थ नुसता ‘खाण्याचा पाव’. मराठी कानाला त्यात शोक ऐकू येतो, पण तसे काही नाही. एकोणिसाव्या शतकात योकोहामाच्या इंग्रजी बेकऱ्यांनी साच्यातल्या पावाची ओळख करून दिली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमारीच्या काळात अमेरिकन गहू व दुधाची भुकटी यांच्या आधारावर शाळांतील मध्यान्हभोजन उभे राहिले, त्यातून पाव व दूध ही जोडी भातखाऊ मुलांच्या पिढीच्या अंगवळणी पडली. १९५४ मध्ये त्याविषयी कायदाही झाला. आपल्या देशाने १९५६ मध्ये अमेरिकेशी पीएल-४८० चा करार केला आणि पुढे तो गहू आपल्याही रेशनवर आला. मला त्याची आठवण आहे ती घरातील चर्चेच्या रूपाने: भाताच्या मुलखात या गव्हाचे करायचे काय? आमच्याकडे त्याचे फार काही झाले नाही. जपान्यांनी मात्र गव्हाच्या पावाला भाताचा गुण लावण्याचा ध्यास घेतला, असे मला वाटते. त्यांच्या भाषेत पावाची स्तुती करण्याचे दोन शब्द आहेत: ‘फुवाफुवा’ आणि ‘मोचीमोची’. पहिल्याचा अर्थ हलका, फुललेला. दुसरा आला आहे ‘मोची’वरून, म्हणजे चिकट तांदूळ शिजवून, कुटून केलेल्या गोळ्यावरून, मऊ खरा, पण दाताला किंचित ओढ देणारा. लुसलुशीत, खुसखुशीत, कुरकुरीत असे शब्दाला शब्द जोडून चव सांगणाऱ्या मराठी माणसाला हे लगेच उमगावे. मोदकाची पारी चांगली झाली की ती नेमकी मोचीमोची असते.

पावात हा गुण येतो कसा? वहिनींनी मला ते ओट्यापाशी उभे करून दाखवले.

त्यांनी ३०० ग्रॅम मैदा काट्यावर तोलून घेतला. त्यातला ६० ग्रॅम एका पितळी टोपात काढला. टोप आधीच गरम पाण्याने विसळून तापवलेला होता. मग खळखळ उकळते पाणी, तेही ६० ग्रॅम, त्यांनी मैद्यावर एकदम ओतले आणि उलथण्याच्या दांड्याने भराभर घोटले. क्षणात पिठाचा पांढरा रंग जाऊन त्याला किंचित पारदर्शक, पिवळसर छटा आली, गोळा टोपाच्या कडा सोडून एकत्र झाला, आणि स्वयंपाकघरात जो वास पसरला तो या घरात भाद्रपदात दरवर्षी पसरतो तोच होता.

उंबऱ्यावर वाल सोलीत बसलेल्या मामीने मान वर केली. “ही उकड मा?”

“आई, याला युदाने म्हणतात,” वहिनी म्हणाल्या.

“म्हणूंदे. उकडच ती.”

मामीचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. जपानी भाषेत ‘यु’ म्हणजे ऊन पाणी आणि ‘ताने’ म्हणजे बीज वा विरजण. ऊन पाण्यात भिजवलेले हे बीज रात्रभर थंडाव्यात ठेवून दुसऱ्या दिवशी मुख्य पिठात मिसळतात. चिनी लोक त्याच चिन्हांना ‘तांगझाँग’ म्हणतात आणि त्यांची रीत थोडी वेगळी आहे: एक भाग मैदा, पाच भाग पाणी वा दूध, मंद आचेवर ६५ अंश सेल्सियसपर्यंत ढवळीत आणलेली खळ. तैवानच्या इव्होन चेन यांनी २००७ च्या सुमारास या ६५ अंशांवर पुस्तकच लिहिले आणि त्यानंतर ही रीत चिनी घराघरांत आणि तेथून जगभर गेली. आमच्या मामीने कोणत्याही अंशाची नोंद न ठेवता, वाफेचा हात ओळखून, साठ वर्षे तेच केले.

आत घडते ते असे. धान्याच्या पिठातील स्टार्चचे कण थंड पाण्यात पाणी पीत नाहीत, नुसते ओले होतात. पाणी साठ अंशांच्या वर गेले की हे कण फुगतात, फुटतात, आणि आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतात. टोप गार असला किंवा पाणी नुसते कोमट असले तर हा पल्ला गाठला जात नाही, आणि उकडीऐवजी चिखल होतो. वहिनींच्या पहिल्या चार पावांपैकी दोन असेच गेले. तांदळात गव्हासारखे चिवट प्रथिन नाही, म्हणून तांदळाच्या पिठाला बांधून ठेवायला उकडीवाचून गत्यंतर नसते. उकड न काढता मोदक वळायला बसलेल्या नवशिक्या सुनेची जी फजिती होते तिचे कारण हेच. गव्हाचे तसे नाही. त्याला बांधायला ग्लुटेन आहे, त्यासाठी उकड लागत नाही. जपान्यांनी उकड घातली ती बांधण्यासाठी नव्हे, पाणी कोंडण्यासाठी. पिठाचा पाचवा हिस्सा आधीच पाणी पिऊन तृप्त झालेला असला, की उरलेल्या पिठात नेहमीपेक्षा जास्त दूध घातले तरी गोळा हाताला चिकटत नाही. आणि ते अधिकचे पाणी भाजल्यावरही पावात राहते. शिवाय शिजलेला स्टार्च पिठातील विकरांना लवकर पचतो आणि त्याची माल्टोज ही साखर होते, म्हणून अशा पावाला जी हलकी गोडी असते ती सगळीच साखरेची नसते.

मामी उकडीची मालकीण, तशा वहिनी कणकेच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उकडीचे तुकडे करून उरलेल्या २४० ग्रॅम मैद्यात टाकले, त्यात १४० ग्रॅम थंडगार दूध, २५ ग्रॅम साखर, दोन चमचे दुधाची भुकटी, ५ ग्रॅम मीठ आणि ३ ग्रॅम यीस्ट घातले. यीस्ट तीनच ग्रॅम का? जपानी कृतीत साधारण चार-पाच सांगतात, पण ती वीस-पंचवीस अंशांच्या खोलीसाठी. श्रावणातील मालवणच्या स्वयंपाकघरात, पाऊस असूनही, तीस अंशांची ऊब आणि भिंतींना पाझर फुटेल इतकी आर्द्रता असते, तेथे यीस्टला आवरण्याचीच गरज पडते. दूधही म्हणूनच शीतकपाटातले. मग त्यांनी पदर खोचला आणि पीठ मळायला, खरे म्हणजे तिंबायला, सुरुवात केली.

पुरणपोळीची कणीक जिने आयुष्यात एकदाही तिंबली नाही तिला हा पाव साधणार नाही, असे मी बेधडक विधान करतो. ओट्यावर आपटायचे, लांबवायचे, दुमडायचे, पुन्हा आपटायचे. दहा मिनिटांनी २५ ग्रॅम लोणी थोडेथोडे चोळायचे, तेव्हा गोळा रुसल्यासारखा तुटतो, ओघळतो, आणि धीर सुटण्याच्या बेतात असतानाच पुन्हा एकजीव होऊन चकाकू लागतो. वीस मिनिटांनी वहिनींनी लिंबाएवढा गोळा तोडून दोन्ही हातांच्या बोटांवर ताणला. त्याचा पातळ पापुद्रा झाला, आणि तो न फाटता, त्यातून खिडकीचे गज दिसले. “झाली,” त्या म्हणाल्या. मैद्यातील ग्लुटेनची जाळी पूर्ण विणली गेल्याची ही खूण आहे. पोळीच्या कणकेची तार पाहणाऱ्या बाईला ती निराळी शिकवावी लागत नाही.

पन्नास मिनिटांत गोळा दुप्पट झाला. त्याचे तीन भाग केले, प्रत्येक लाटून तिहेरी घडी घातली, वळकटीसारखा गुंडाळला, आणि तिन्ही वळकट्या साच्यात उभ्या रांगेत ठेवल्या. वळकटीमुळे पावाचे धागे एकाच दिशेने जातात. लादीप्रमाणेच येथेही बाजूला जागा नसल्याने वाढ वरच होते. पुन्हा चाळीस मिनिटे. साचा काठोकाठ भरत आला. वहिनींनी भट्टी १८० अंशांवर तापत ठेवली.

आणि वीज गेली.

वर-खाली विस्तव

श्रावणात कोकणात वीज जाणे ही बातमी नव्हे, पण फुगलेले पीठ वाट पाहत नाही. आणखी अर्ध्या तासाने ते साच्याबाहेर ओसंडले असते आणि मग बसले असते. वहिनींनी क्षणभर कपाळाला हात लावला, आणि मग जे केले ते महाराष्ट्रातील ज्या घरांत ओव्हन नाही तेथे केक करणाऱ्या बायका करतात तेच: मोठ्या जाड टोपात तळाला मीठ पसरले, त्यावर तिवई ठेवली, टोप गॅसवर चांगला तापवला, साचा आत ठेवून झाकण लावले. यात पाव भाजतो. पण आच फक्त खालून लागते म्हणून माथा पांढुरका आणि ओलसर राहतो. वहिनींना तेच खटकत होते.

“निखारे घाल वर,” मामी म्हणाली. “धोंडसाक कशे घालतव?”

तवशाचे धोंडस हा आमच्याकडचा पावसाळी पदार्थ: मोठी काकडी किसून, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे घालून टोपात भाजलेला केक, ज्याला केक म्हणायचे कोणाला सुचले नाही. टोप चुलीवर आणि त्याच्या सपाट झाकणावर निखारे, अशी दोहों बाजूंनी आच देऊन तो तासभर ठेवतात. गोव्यातील बेबिंकाचे थरही वरच्या निखाऱ्यांवरच भाजले जातात. ज्यांच्या घरात भट्टी नव्हती त्यांनी टोपाचीच भट्टी केली.

न्हाणीच्या चुलीत अंघोळीच्या पाण्याखाली चुडते आणि करवंट्या धुमसतच होत्या. मामेभावाने करवंट्यांचे लालबुंद निखारे पळीने आणून झाकणावर पसरले. मामी वालांची टोपली सोडून येऊन उभी राहिली आणि कोणता निखारा कोठे सरकवायचा, हे बोटाने दाखवू लागली. तिच्या तोंडून पाव हा शब्द त्या चाळीस मिनिटांत एकदाही निघाला नाही, ती मनातून धोंडस भाजीत होती.

झाकण उघडले. माथा तांबूस झाला होता, एका कोपऱ्यात थोडा अधिक. वहिनींनी साचा हातभर उंचीवरून ओट्यावर दाणकन आपटला. मी दचकलो. इतका मऊ पाव गार होताना आतल्या वाफेने लेचापेचा होऊन कमरेत मोडतो. एका धक्क्याने ती वाफ बाहेर पडते आणि बाजू ताठ राहतात, असे जपानी बेकर सांगतात, आणि प्रत्यक्षात तसे घडलेही. पाव अर्धा किलोच्या आसपास भरला. जपानात पावाचे माप ‘किन’, आणि तेथील उद्योगाच्या नियमावलीप्रमाणे एक किन म्हणजे कमीत कमी ३४० ग्रॅम, तेव्हा हा दीड किनाचा झाला म्हणायचा.

तासाभराने तो फोडला. धागे सुटले, वाफेत दुधाचा आणि अगदी पुसट असा करवंटीच्या धुराचा वास होता. पर्यटकांच्या दोन मुलांनी अर्धा पाव उभ्याउभ्या संपवला. मामीने एक तुकडा बोटांत दाबला, तो परत वर आला हे पाहिले, पुन्हा दाबला.

“पाव कसलो, कापूस तो. चायत बुडवलो तर हातात रवात काय?”

बुडवला. राहिला नाही. मामीने ते विजयाने पाहिले आणि आपली आंबोळी मागितली.

दुसऱ्या दिवशी

साधा पाव दुसऱ्या दिवशी का वाळतो, याविषयी आपली समजूत अशी की त्यातले पाणी उडून जाते. ते थोडेसेच खरे आहे. मुख्य कारण असे की शिजलेला स्टार्च गार होता होता पुन्हा घट्ट, स्फटिकासारखी मांडणी धरू लागतो. शिळा भात मोकळा आणि टणक होतो, शीतकपाटात ठेवलेला मोदक दगडासारखा होतो आणि वाफ दिली की पुन्हा मऊ पडतो, तो याच नियमाने. शीतकपाटाच्या थंडीत ही क्रिया सर्वांत वेगाने होते, म्हणून पाव तेथे ठेवणे हा त्याच्यावर केलेला अन्याय आहे. उकडीचा पाव जास्त पाणी धरून असल्याने ही घट्ट होण्याची चाल त्याच्यात मंदावते. लोणी आणि दूध तिला आणखी अडवतात. अर्थात कोकणच्या पावसात तिसऱ्या दिवशी बुरशी हक्काने येतेच, तेव्हा चिरतारुण्याचा हा लाभ दोन दिवसांपुरताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव खरोखर मऊ होता. वहिनींनी पर्यटकांसाठी त्याचे काप केले. मामी आत आली, कोणाशी काही न बोलता दोन काप एका खोलगट ताटलीत ठेवले, आणि फडताळातून आदल्या रात्रीच्या खापरोळ्यांचा उरलेला रस काढला: नारळाचा पहिला दाट रस, गूळ, वेलची, चिमूटभर हळद. तो तिने कापांवर ओतला. कापांनी रस पिऊन टाकला आणि ते फुटले नाहीत. ती चमच्याने खाऊ लागली. मी आणि वहिनी ओट्यापाशी उभे राहून, आपण पाहत नाही असे दाखवीत, पाहत होतो.

अर्धी ताटली संपल्यावर ती थांबली.

“फुडल्या खेपेक उकड वायच जास्त घाल,” ती वहिनींना म्हणाली.

वहिनींनी भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या समासात लिहिलेला ६० चा आकडा खोडला आणि त्याच्या शेजारी ७५ लिहिला.